ओळ कुठे तोडायची

टायपिस्टबाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांच्या डोक्यातली घंटी काही निवृत्त झाली नव्हती. जुन्या टाइपरायटरवर ओळ संपत आली की टिंग करून घंटी वाजायची. हातातला शब्द पुरा करायचा, दांडा ढकलायचा, की खालची ओळ सुरू. कारखान्याच्या ऑफिसात बाईंनी उभी हयात हेच केलं. मग टाइपरायटर भंगारात गेले आणि कॉम्प्युटर आले. त्यांना घंटी नव्हती आणि दांडाही नव्हता. बाईंनी शोधून शोधून एंटरचं बटण काढलं आणि दांड्याचं काम त्याच्या गळ्यात घातलं. डोक्यात टिंग झालं रे झालं की करंगळी एंटरवर. ओळ कुठे तोडायची हे बाई ठरवणार, यंत्राने त्यात नाक खुपसायचं नाही, असा त्यांचा बाणा होता.

कागदावर हे शोभलंही असतं. पण बाई आता मेल लिहीत, आणि मेल लोक फोनवर वाचत. बाईंची ओळ कागदाच्या मापाची, ती फोनच्या पडद्यात मावायची नाही. मग फोन ती आपल्या सोयीने एकदा तोडायचा, आणि बाईंनी तोडलेली जागा त्यानंतर यायची ती वेगळीच. एक लांब ओळ, खाली दोन शब्दांचं शेपूट, पुन्हा लांब ओळ, पुन्हा शेपूट. वाचणाऱ्याचा जीव मेटाकुटीला यायचा.

बाईंची लेक एका कंपनीत मेल सजवायच्याच कामाला होती. दुकानं आपल्या गिऱ्हाइकांना जे देखणे मेल पाठवतात, त्यातल्या चौकटी, रंग आणि मोकळ्या जागा ही तिची रोजीरोटी. आईचा मेल उघडला की तिचं कपाळ दुखायचं.

"आई, एंटर दाबू नकोस. ओळ आपोआप खाली जाते."

"आपोआप म्हणजे कुणाच्या मर्जीने?"

"वाचणाऱ्याच्या फोनच्या."

"आणि लिहिणारीच्या मर्जीला काय किंमत?"

"अगं, पण ते दिसतं कसं, ते तर बघ ना एकदा."

"मला नको दाखवू. तुझ्या फोनला सांग, नीट बघ म्हणावं."

लेक आपल्या खोलीत निघून जाई. मायलेकी एकाच घरात राहत, एकाच टेबलावर जेवत, आणि जगात दुसरं काही भांडण्यासारखं उरलंच नाही अशा थाटात एंटरवरून भांडत. लेकीचं म्हणणं बरोबर होतं, हे इथेच सांगून टाकावं. पण बरोबर असणारी माणसं ज्या सुरात बोलतात, त्या सुराने ऐकणाऱ्याच्या कानात बोळे बसतात, हेही तितकंच खरं.

कारखान्याच्या निवृत्तांची एक संघटना होती आणि बाई तिच्या चिटणीस होत्या. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली, खोलीत एक टेबल, घडीच्या खुर्च्या आणि कुणीतरी देऊन टाकलेला कॉम्प्युटर. सगळा पत्रव्यवहार बाईंच्या हातून जायचा. त्यात लुडबुड करणारा एकच माणूस, तो म्हणजे हिशेबनीस. यांना महत्त्वाचं वाक्य ठळक हवं असे, फार महत्त्वाचं वाक्य ठळक आणि लाल हवं असे, आणि त्यांना सगळंच फार महत्त्वाचं वाटे. त्यांचा मेल उघडला की डोळ्यांपुढे काजवे चमकत. बाई त्यांना म्हणत, "अहो, सगळंच ओरडलात तर ऐकायचं कशाला?" हिशेबनीस म्हणत, "साधं लिहून कुणी ऐकलंय का आजवर?" हा वादही जुनाच होता.

मग एक दिवस कारखान्याच्या फाटकाजवळच्या दवाखान्याच्या दारावर सूचना लागली, आणि या सगळ्या भांडणांना एकदम वजन आलं.

दवाखाना म्हणजे खरं तर एक खोलीच. एक पलंग, एक कपाट आणि एक सिस्टर. पण निवृत्त झालेल्यांसाठी ती खोली उघडी असायची. रक्तदाब बघायचा, सुई घ्यायची, पट्टी बदलायची, नाहीतर नुसतं बाकावर बसून सिस्टरांचं बोलणं खायचं. आता महिनाअखेर तो बंद होणार होता. सूचनेत लिहिलं होतं की, निवृत्तांना यापुढे आरोग्यविषयक सल्ला फोनवरून देण्यात येईल. खाली कल्याण अधिकाऱ्याची सही होती. कल्याण हा शब्द त्या हुद्द्यात कुणी घातला, देव जाणे.

सूचना सगळ्यांसाठी होती, पण ती जाऊन बसली हॅलोताईंच्या पायावर. हॅलोताई म्हणजे कारखान्याच्या टेलिफोन ऑपरेटर, बाईंची तरुणपणापासूनची मैत्रीण. आयुष्यभर त्या "हॅलो, जोडून देते" एवढंच बोलल्या आणि नाव पडलं ते कायमचंच. साखरेच्या दुखण्याने त्यांच्या पायाला जखम झाली होती, ती भरता भरत नव्हती. एक बोट आधीच काढावं लागलं होतं. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं की दिवसाआड पट्टी बदला, टाळाटाळ केलीत तर पुढचं मी सांगणार नाही. मोठं इस्पितळ शहराच्या दुसऱ्या टोकाला. फाटकाजवळची खोली मात्र हॅलोताईंच्या घरापासून चालत जाण्याएवढी, तीही त्यांच्या चालीने.

"पट्टी फोनवरून बदलणार म्हणे," बाई सूचनेपुढे उभ्या राहून म्हणाल्या. "फोनला हात फुटलेत का?"

"असू दे गं," हॅलोताई म्हणाल्या. "बघू काहीतरी."

"असू दे म्हणून म्हणूनच एक बोट घालवलंस तू."

हॅलोताई हळूहळू घराकडे वळल्या. बाईंच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्या तशाच संघटनेच्या खोलीवर गेल्या आणि कल्याण अधिकाऱ्याला मेल लिहायला बसल्या. लिहिला तोही असा की ज्याचं नाव ते. प्रति, विषय, महोदय, सगळं जिथल्या तिथे. प्रत्येक ओळ मापात तोडलेली, प्रत्येक परिच्छेदाआधी मोकळी जागा. हिशेबनिसांनी मागे उभं राहून दोन वाक्यं लाल करायला लावली. रागाच्या भरात बाईंनी तेही केलं.

उत्तर लगेच आलं. ते माणसाने लिहिलेलं नव्हतं, यंत्राने पाठवलेलं होतं. "आपण लिहिले आहे: 'प्रति,'. या मजकुरात तक्रार आढळत नाही. प्रकरण बंद करण्यात येत आहे."

बाईंनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. आयुष्यात त्यांचा असा पाणउतारा कुणी केला नव्हता. त्यांनी तोच मेल पुन्हा पाठवला. पुन्हा तेच उत्तर. हिशेबनिसांनी स्वतःच्या नावाने, सबंध मेल लाल करून पाठवला. त्यांनाही तेच उत्तर आलं, आणि तेही साध्या काळ्या अक्षरांत.

घरी लेकीने उत्तर वाचलं आणि तिला हसू आवरेना. "आई, त्यांचं यंत्र पहिल्या एंटरपर्यंतच वाचतं गं. तू 'प्रति,' लिहून एंटर दाबलास. त्याच्या लेखी तुझी तक्रार तिथेच संपली."

"मग खालचं सगळं कुठे गेलं?"

"कुठेच नाही. त्याने बघितलंच नाही."

"एवढं लिहिलेलं बघितलं नाही आणि वर प्रकरण बंद?"

"म्हणून तर सांगते. एंटर काढ. सगळं सलग लिही, एका दमात. काम फत्ते."

आता कुणीही शहाण्या माणसाने एंटर काढला असता. पण शहाणपण आणि टायपिस्टबाई यांची गाठ सवडीनेच पडायची. त्या म्हणाल्या, "चूक त्यांच्या यंत्राची आणि हात मी बदलायचा? उद्या ते म्हणतील स्वल्पविराम देऊ नका, परवा म्हणतील श्वास घेऊ नका. मी नाही काढणार."

"हॅलोमावशीच्या पायापेक्षा तुझा एंटर मोठा आहे का?"

हे लागलं. लागायलाच हवं होतं. बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागल्या. लेकीनेही मग थांबायचं नाही असं ठरवलं. आईचा मजकूर घेतला, वरचं प्रति, विषय, महोदय गाळलं, सगळे एंटर काढले, सगळं सलग केलं आणि आईला न विचारता संघटनेच्या पत्त्यावरून पाठवून दिलं.

सकाळी उत्तर बाईंनीच उघडलं. "आपण लिहिले आहे: 'आम्ही सर्व निवृत्त कर्मचारी, ज्यांनी आपल्या कारखान्यात उमेदीची वर्षे घालवली व ज्यांच्या कष्टांवर हा कारखा'. या मजकुरात तक्रार आढळत नाही. प्रकरण बंद करण्यात येत आहे."

म्हणजे एंटर नसला तरी यंत्राला लांब ओळ पचत नव्हतीच. पोट भरलं की जिथे असेल तिथे ते दात मिटत होतं. बाईंनी लेकीला हाक मारली आणि पडद्यावर बोट ठेवलं. "कारखा," त्या म्हणाल्या. "वाच. मी निदान शब्द तरी पुरा करते."

लेक खुर्चीत बसली. चोरून मेल पाठवल्याबद्दल बोलणी बसणार अशी तिने तयारी ठेवली होती. पण बाईंनी तो विषयच काढला नाही. लेकीच्या मनाला आईची काळजी जरी नाही तरी मावशीची होती, हे त्यांना कळलं होतं, आणि मनातल्या मनात त्यांना ते आवडलंही होतं. "आता?" एवढंच त्यांनी विचारलं.

वाट सापडली ती हॅलोताईंच्या धांदरटपणातून. त्यांना वाटलं, सगळे माझ्यासाठी झटताहेत, आपणही चार शब्द लिहावे. फोन हातात घेतला. आयुष्यभर फोन हाताळूनही या नव्या फोनशी त्यांचं सूत जुळलं नव्हतं. खालच्या ओळीवर जायचं म्हणून त्यांनी बाणाचं बटण दाबलं, आणि तो बाण निघाला मेल रवाना करायचा. एकच ओळ लिहून झाली होती. ती तेवढीच गेली.

त्या घाबऱ्याघुबऱ्या होऊन संघटनेच्या खोलीवर आल्या. जिना चढायचा त्रास होतो म्हणून खालूनच त्यांनी हाक मारली, आणि बाई, लेक आणि हिशेबनीस तिघंही सायकलवाल्याच्या दुकानापुढे उतरले.

"अगं, माझा मेल अर्धाच गेला," हॅलोताई म्हणाल्या. "ना नमस्कार, ना नाव. किती वाईट दिसलं असेल."

लेकीने त्यांचा फोन घेतला आणि तिचा चेहरा बदलला. तिने मोठ्याने वाचलं. "आपण लिहिले आहे: 'माझ्या पायाची पट्टी आता कोण बदलणार'. आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे. ती कल्याण अधिकाऱ्यांकडे पाठवली आहे. अधिकाऱ्यांनी लेखी उत्तर दिल्याशिवाय हे प्रकरण बंद होणार नाही. आठवडाभरात उत्तर न आल्यास ते वरिष्ठांकडे जाईल."

सायकलवाल्याने पंप थांबवला.

"एक ओळ," लेक म्हणाली. "याला एकच ओळ गिळता येते."

"मग एकेक ओळच भरवू या," बाई म्हणाल्या. "आमच्यात तोंडं कमी आहेत का?"

त्या दुपारी निरोप गेले आणि खोली भरली. फिटर आले, स्टोअरकीपर आले, वेल्डरची बायको आली, फाटकावरचा जुना रखवालदारही आला. खुर्च्या पुरेनात म्हणून माणसं खिडकीत टेकली. बाईंनी आपला मेल छापून घेतला होता आणि कात्रीने ओळींच्या पट्ट्या कापल्या होत्या. एका माणसाला एक पट्टी. प्रत्येकाने आपापल्या फोनवरून आपली ओळ पाठवायची, म्हणजे सगळा अर्ज पोचला. हिशेब सरळ होता.

फिटरने आपली पट्टी वाचली. "'ज्यांना जिने चढवत नाहीत व ज्यांची मुले परगावी'. बाई, हे पाठवू? वाचणारा म्हणेल, पुढे काय?"

"पुढचं वेल्डरच्या बायकोकडे आहे."

"आणि ती विसरली तर माझी पोरं परगावीच राहतील."

खोलीत हशा पिकला. बाईंनी भुवया वर केल्या. त्यांच्या ओळी अशा कधीच कुणी वाचल्या नव्हत्या, एकटीला बाजूला काढून. लेक त्यांच्या कानाशी आली. एरवीचा बरोबर असल्याचा सूर तिने घरी ठेवला होता. "आई, प्रत्येक ओळ एकटी जाणार आहे. तिला वरची नाही की खालची नाही. तिचं तिलाच उभं राहता आलं पाहिजे."

बाईंनी पट्ट्या गोळा केल्या आणि टेबलावर पसरल्या. त्यांच्या डोक्यातली घंटी एव्हाना हजार वेळा वाजली असती, पण ती वाजते ती मापासाठी. इथे मापाचा उपयोग नव्हता. मजकूर कुठे पुरा होतो ते बघायचं होतं. हे काम त्यांनी कधी केलंच नव्हतं. मजकूर नेहमी साहेबांचा असायचा, बाईंची फक्त ओळ. त्यांनी एकेक पट्टी उचलून एकटीच वाचून पाहिली. मग सगळ्या उचलून टोपलीत टाकल्या आणि फिटरला विचारलं, "तुम्ही दवाखान्यात कशाला जाता?"

"मी? दाब बघायला. नाहीतर कशाला?"

"दाब फोनवरून मोजता येतो का?"

"कसा येणार?"

"मग तेच लिहा."

फिटरने लिहिलं, "रक्तदाब फोनवरून मोजता येत नाही." बाण दाबला. जरा वेळाने त्यांचा फोन वाजला. तक्रार नोंदवण्यात आली आहे. फिटर खुर्चीवरून असे उठले, जणू त्यांना बढतीच मिळाली.

मग काय विचारता. वेल्डरच्या बायकोने लिहिलं, "सिस्टरांना माझी औषधं पाठ आहेत, फोनला नाहीत." रखवालदाराने लिहिलं, "मी त्या दारावर राखण केली, आता मलाच ते बंद." एकाने लिहिलं, "माझा हात यंत्रात गेला तेव्हा टाके याच खोलीत पडले." स्टोअरकीपरने लिहिलं की सिस्टर चहा चांगला करतात. बाई म्हणाल्या, हे नको. तो म्हणाला, खरं आहे ते लिहिलं, आणि पाठवूनही मोकळा झाला. हिशेबनिसांनी आपली ओळ लाल आणि ठळक केली. लेक म्हणाली, त्यांचं यंत्र रंग पुसून टाकतं. ते म्हणाले, "पुसू दे, मी पाठवताना लाल होती." यावर मात्र बाईंनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी लोक सांगितल्यावाचून आले, आणि नव्या ओळी घेऊन आले. जे येऊ शकत नव्हते त्यांनी घरून पाठवल्या. कुणीतरी आपल्या भावाला सांगितलं, भावाने मेहुण्याला. निवृत्त न झालेलेही लिहू लागले. प्रत्येकाची ओळ वेगळी, म्हणून प्रत्येकाची तक्रार वेगळी, आणि एकही लेखी उत्तरावाचून बंद होईना. बाई रोज खोलीवर बसून लोकांच्या ओळी ऐकत. कुणाची लांबली तर विचारत, "यात तुमचं नेमकं काय दुखतंय?" माणूस थांबे, विचार करी, आणि ओळ आपसूक आखूड होई. फार वर्षांनी बाईंना आपल्या कामात गोडी वाटू लागली होती.

आठवडा संपायच्या आत कल्याण अधिकाऱ्याचा फोन आला. टायपिस्टबाई आणि हॅलोताई, दोघींनी येऊन भेटावं. दोघींनी, असं त्याने मुद्दाम सांगितलं. मंडळी म्हणाली, आम्हीही येतो. आत घेणार नाहीत, बाई म्हणाल्या. मग बाहेरच्या बाकावर बसू, मंडळी म्हणाली, बाक काही कुणाच्या बापाचा नाही.

अधिकाऱ्याची खोली काचेची होती. तो बाईंना वाटला होता तसा मग्रूर निघाला नाही. चाळिशीचा, झोप न झालेला, शर्टाच्या बाह्या दुमडलेला. त्याने उठून हॅलोताईंसाठी खुर्ची पुढे केली आणि पाय ठेवायला दुसरी दिली. त्याच्या पडद्यावर ओळींखाली ओळी उभ्या होत्या. बोलता बोलता टण् असा आवाज होई आणि वर एक नवी ओळ येऊन बसे. तो त्या आवाजाला दचकायला लागला होता.

"बाई, हे थांबवा," तो म्हणाला. "कामाच्या तक्रारी यात बुडाल्यात. उद्यापासून हे सगळं वर जायला लागेल."

"जाऊ दे की. वरच्यांनाही वाचता येत असेल."

"मी तुमच्या अडचणीवर मार्ग काढलाय." तो हॅलोताईंकडे वळला. "यांच्या घरी नर्स येईल, दिवसाआड. कायमची. खर्च आमचा. आजच लिहून देतो. फक्त तुम्ही लोकांना सांगा, मेल पुरे झाले म्हणून."

बाईंनी मैत्रिणीच्या पायाकडे बघितलं. पट्टीच्या कडेला पिवळट डाग होता, सकाळीच बदललेली पट्टी होती ती. त्या क्षणी त्यांना वाटलं, संघटना गेली खड्ड्यात. फिटरचा दाब, रखवालदाराचं दार, सगळं गेलं खड्ड्यात. हा पाय वाचू दे. असं वाटलं ते वाटलं, बाईंनी पुढेही ते कधी नाकारलं नाही. त्यांनी "ठीक आहे" म्हणायला तोंड उघडलं.

"मला नको," हॅलोताई म्हणाल्या.

"अगं, तुझा पाय..."

"माझाच आहे ना? मग मीच सांगते." त्यांचा आवाज चढला नव्हता. टेलिफोनवर जसा असे तसाच होता, स्वच्छ. "साहेब, माझ्या घरी नर्स आली तर ती माझी पट्टी बदलून निघून जाईल. बाहेर जे बाकावर बसलेत त्यांनी कुठे जायचं? ते त्या बंद दारावरून जातील आणि मग माझ्या दारावरून जातील. मी त्यांना काय तोंड दाखवू?"

"त्यांच्यासाठी फोनची सोय आहेच."

"फोनवर मी जन्मभर होते. फोनवर काय होतं आणि काय होत नाही, ते मला नका सांगू."

एवढं बोलून त्यांनी पर्समधून आपला फोन काढला, चष्मा लावला आणि एका बोटाने टाइप करू लागल्या. अधिकारी आणि बाई बघत राहिले. त्यांना वेळ लागला. मधेच एक अक्षर चुकलं, ते त्यांनी पुसलं आणि पुन्हा लिहिलं. मग बाण दाबला. अधिकाऱ्याच्या पडद्यावर टण् वाजलं.

त्याने वाचलं. आधी मनात, मग त्याच्याही नकळत मोठ्याने. "माझ्या एकटीचा पाय वाचवून मला गप्प करू नका."

तो खुर्चीत मागे टेकला. "मी याला काय उत्तर लिहू?" तो म्हणाला. त्याने हे खरंच विचारलं होतं. "रोज लिहायला बसतो. योग्य ती दखल घेतली जाईल असं लिहितो आणि पुसतो. या एकेक ओळीखाली ते वाक्य ठेवलं की लाज वाटते. काय लिहायचं तेच कळत नाही."

टायपिस्टबाई ताठ झाल्या. साहेबांपुढे घाबरायची, दबायची, विचारून बोलायची सवय त्यांच्या पाठीच्या कण्यातून एकदम उतरली.

"घ्या लिहून," त्या म्हणाल्या.

हे दोन शब्द त्यांनी आयुष्यभर ऐकले होते. काचेच्या खोल्यांत, लाकडी खोल्यांत, अधिकाऱ्यामागून अधिकारी बदलले आणि प्रत्येकाने हेच म्हटलं, आणि बाईंनी मान खाली घालून घेतलं. आज अधिकाऱ्याचे हात आपोआप पुढे आले.

"फाटकाजवळचा दवाखाना बंद करण्याची सूचना मागे घेण्यात आली आहे."

तो टाइप करत होता, मधेच थांबला. "स्थगित लिहू का? तात्पुरती स्थगित. म्हणजे वर सांगायला बरं पडेल."

"स्थगित मी जन्मभर टाइप केलंय. त्याचा अर्थ मला विचारा. मागे घेण्यात आली आहे."

त्याने लिहिलं.

"पूर्णविराम. दवाखाना पूर्वीप्रमाणे सर्वांसाठी सुरू राहील."

"सर्वांसाठी, हा शब्द हवाच का?"

"हवा," हॅलोताई म्हणाल्या.

त्याने तोही लिहिला आणि हात बटणांवरून उचलले. काचेपलीकडून फिटर आत डोकावत होते. अधिकाऱ्याने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा पडद्याकडे बघितलं. सूचनेखाली सही त्याचीच होती, आणि तीच मागे घ्यायची तर बोलणी वरूनही त्यालाच बसणार होती. "या चौकटीत एंटर दाबला की हे उत्तर एकदमच सगळ्यांना जातं," तो हळूच म्हणाला. "मग परत घेता येत नाही."

"उत्तम," बाई म्हणाल्या. "मजकूर पुरा झालाय. दाबा."

त्याने दाबलं, आणि बाहेरच्या बाकावर एकामागून एक फोन वाजू लागले.